‘होय’ म्हणण्याआधीचे वीस रविवार : दृढीकरणाचा वर्ग पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, माझ्या पहिल्या बॅचला नऊ मुलं होती. विश्वासांगीकार (आपण काय मानतो याची थोडक्यात कबुली), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, सगळं तोंडपाठ. विधीच्या दिवशी सकाळी बिशपसाहेबांनी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, एका मुलीला सहज विचारलं, “बाळ, आज इथं कशाला आलीस?” ती म्हणाली, “कन्फर्मेशनला.” “म्हणजे काय करायला?” मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मुलगी हुशार होती, चूक माझी होती. वीस रविवार मी तिच्याकडून उत्तरं घोटून घेतली, पण ती तिला कोणापुढे आणि कशासाठी द्यायची आहेत हे सांगायचंच राहून गेलं. त्यानंतर आधी ठाण्यात आणि आता ऐरोलीत मी बरेच वर्ग घेतले. तुमच्या पाळकसाहेबांनी परवा चहा पिता पिता “यंदाचा वर्ग तुम्ही घ्याल का?” असं विचारलं असेल आणि तुमच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं असेल, तर पुढचं वाचा.

आधी स्वतःचं पक्कं करा

बाळपणी बाप्तिस्मा झाला तेव्हा आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी मुलाच्या वतीनं वचनं दिली. मूल तेव्हा झोपलेलं तरी होतं किंवा रडत तरी होतं. आता ते मोठं झालंय आणि तीच वचनं स्वतःच्या तोंडानं देतंय. बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्यानं त्याला बळ द्यावं अशी प्रार्थना करतात. दृढीकरण ते एवढंच. याचं मूळ प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, आठव्या अध्यायात सापडतं. शोमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा आधीच झाला होता. मग यरुशलेमेहून पेत्र आणि योहान तिथं गेले आणि त्यांनी लोकांवर हात ठेवले. एकोणिसाव्या अध्यायात इफिसला पौल तेच करतो. हे दोन उतारे वर्ग सुरू होण्याआधी चार-पाच वेळा वाचून ठेवा.

आपल्याकडे हे कसं आहे तेवढंच माहीत असून भागत नाही, कारण ठाण्याच्या कुठल्याही शाळेत एका बाकावर तीन प्रकारचे ख्रिस्ती बसलेले असतात. कॅथलिक मित्राच्या कपाळाला बिशप तेल लावतात, त्याच्यासोबत एक धर्मपिता उभा असतो आणि तिथं हा सात संस्कारांपैकी एक असतो. तिसऱ्याच्या मंडळीत बाळाचा बाप्तिस्माच नसतो. समज आल्यावर पाण्यात उतरतात, त्यामुळे वेगळं दृढीकरण नाही. “मग बरोबर कोण?” हा प्रश्न पहिल्या महिन्यात येतोच. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली आणि तिच्यात बाळाचा बाप्तिस्मा व समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मानले जातात. मुलांना मी एवढंच सांगते की आपल्याच घरात दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतायत, तेव्हा शेजारच्या घराबद्दल जरा जपून बोलावं. तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे : वर्गातल्या एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा झालेलाच नसू शकतो. ते पहिल्याच आठवड्यात विचारून पाळकसाहेबांना कळवा. मला एकदा ते अठराव्या रविवारी कळलं.

आणि हो, ‘कन्फर्म तिकीट’ हा विनोद कोणीतरी करणारच. दरवर्षी एक मुलगा विचारतो, “म्हणजे इतके दिवस आम्ही वेटिंग लिस्टवर होतो का?” हसा, पण विनोद तिथंच सोडू नका. बाप्तिस्मा हे अर्धं तिकीट नव्हतं, तो पूर्णच होता. सही तुमच्या आईबाबांनी केली होती, आता तुमची हवी आहे. मी बँकेत होते म्हणून मला सहीचं उदाहरण सुचलं : अज्ञान मुलाचं खातं पालक चालवतात, अठरा पूर्ण झाली की त्याला स्वतःच्या सहीचा नमुना द्यावा लागतो. पैसे मात्र पहिल्या दिवसापासून त्याचेच असतात.

तारीख, दाखला, पालक

बिशपसाहेबांची तारीख आधी मिळवा आणि तिथून मागं मोजा. वीस रविवार धरले तर प्रत्यक्षात पंधराच हाती लागतात. जुलै-ऑगस्टमधले एक-दोन पावसात जातात, सहामाही परीक्षेचे दोन जातात, दिवाळीच्या सुट्टीत निम्मी मुलं गावी असतात. डिसेंबर तर धरूच नका, तो कॅरोलचा. दहावीची मुलं शक्यतो घेऊ नका. रविवारी सकाळी त्यांची क्लासची टेस्ट असते आणि त्यांच्या आयांशी भांडण्याची माझी आता ताकद नाही. आठवी-नववी उत्तम.

वेळेचं म्हणाल तर आम्ही उपासनेनंतर सव्वा तास घेतो. लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) शनिवारी रात्रीच बघून ग्रुपवर टाका. कळव्याहून किंवा नेरुळहून येणारं पोर अर्धा तास उशिरा आलं की ते ओशाळतं आणि पुढच्या रविवारी येतच नाही. आधी खायला द्या, मग शिकवा. मंडळीच्या बजेटमध्ये वडापावचे पैसे वेगळे मागून घ्या. महिला मंडळाला सांगितलंत तर पोहेही येतील.

बाप्तिस्म्याचा दाखला पहिल्या आठवड्यात मागा. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मूळ मंडळी नगरकडे, जालन्याला, सोलापुरात किंवा एखाद्या खेड्यात. तिथल्या पाळकांना फोन करायचा, त्यांनी जुनं रजिस्टर शोधायचं, मग त्याची नक्कल यायची, यात महिना सहज जातो. नक्कल आली की नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहा. घरचं नाव ‘बंटी’ आणि रजिस्टरात ‘शमुवेल’ असला घोळ नेहमीचा. आज कोणाला त्याचं काही वाटणार नाही, पण दहा-बारा वर्षांनी लग्नाच्या वेळी याच रजिस्टरांची पानं उलटली जातात.

पालकांची सभा एकच घ्या, पण घ्याच. तिथं कोणीतरी खरं बोलून जाईल, “मॅडम, उद्या लग्नाला अडचण नको, म्हणून पाठवतोय.” रागावू नका. त्यांना एकच काम द्या : मुलाच्या बाप्तिस्म्याचा दिवस त्याला घरी सांगायचा. कोण आलं होतं, पाऊस होता का, आजीनं काय केलं होतं. फोटो असला तर पाठवायचा. माझा पहिला धडा या फोटोंचाच असतो आणि त्या दिवशी मला फारसं बोलावंच लागत नाही.

भाषा : इथं घाई करू नका

हा माझ्या मते सगळ्यात अवघड भाग आहे आणि तो कुठल्याही तयार अभ्यासक्रमात सापडत नाही. आपली मुलं इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलतात, देवनागरी मात्र बोट ठेवून वाचतात. उपासना मराठीत, आजीची प्रार्थना मराठीत आणि यूट्यूबवरची गाणी इंग्रजीत. मी एक वर्ष सगळा वर्ग इंग्रजीत घेऊन पाहिला. मुलं खूश होती. पण विधी मराठीत झाला, तेव्हा परक्याच्या घरात उभं राहावं तशी ती उभी होती.

तेव्हापासून पद्धत बदलली. बोलायचं मिसळीच्या भाषेत, जशी ती बोलतात तशी; पण विधीत जी वाक्यं म्हणायची ती मराठीतच, आणि एकही शब्द न कळता म्हणायचा नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येकाला विश्वासांगीकाराचा कागद द्या आणि न कळलेल्या शब्दांना गोल करायला सांगा. सर्वसमर्थ, सार्वत्रिक, सहभागिता, पुनरुत्थान यांना गोल पडणारच. एका मुलानं ‘पंतय पिलात’ला, म्हणजे येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाला, गोल केला होता. पाँशस पायलट त्याला शाळेतल्या नाटकामुळे माहीत होता; पंतय पिलात हा कोणी पेशव्यांकडचा माणूस असावा असं त्याला वाटलं. हसण्यात दहा मिनिटं गेली, पण त्या निमित्तानं धड्याला दार सापडलं. इतक्या छोट्या विश्वासांगीकारात एका रोमी सुभेदाराचं नाव कशासाठी? तो इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियावर होता. म्हणजे ‘एके काळी एका गावात’ अशी ही गोष्ट नाही. तिला साल आहे, गाव आहे, अधिकाऱ्याचं नाव आहे.

‘तारण’ (पापातून सुटका) शब्दाची मजा याहून मोठी. ठाणे स्टेशनबाहेर जिकडे तिकडे ‘सोने तारण कर्ज’च्या पाट्या. मुलांना तारण म्हणजे गहाण एवढंच ठाऊक. त्यांना थांबवू नका. दोन अर्थ वेगळे आहेत हे सांगा, तारणारा तो तारक हेही सांगा, आणि मग विचारा : आईच्या बांगड्या गहाण पडल्या तर कोण सोडवून आणतं? स्वतः बांगड्या चालत परत येतात का? एका मुलीनं सांगितलं की तिच्या मामानं कोणाला न सांगता सोडवून आणल्या होत्या. खंडणी भरून सोडवणं यावर मी तयार केलेलं दोन पानी टिपण त्या दिवशी पिशवीतच राहिलं.

धड्यांचा क्रम

उत्पत्तीपासून सुरू करू नका. दिवाळीपर्यंत तुम्ही मिसरमध्येच (इजिप्तमध्येच) अडकाल. बाप्तिस्मा, मग प्रभूची प्रार्थना, मग विश्वासांगीकाराला चार-पाच रविवार, आज्ञांना दोन, प्रभुभोजनाला (भाकर आणि प्याल्याच्या विधीला) दोन, मंडळीच्या इतिहासाला एक, शेवटी विधीतले प्रश्न. मंडळीचं वर्ष आणि वेदीवरच्या कापडाचे रंग येता जाता सांगून होतात.

आज्ञांमध्ये एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवते. कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या मुलांना आज्ञांचे क्रमांक वेगळे शिकवलेले असतात. आपण मूर्तीची आज्ञा स्वतंत्र, दुसरी धरतो. कॅथलिक परंपरेत ती पहिलीत येते आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन होतात. त्यामुळे आपली सहावी ‘खून करू नको’, त्यांची सहावी व्यभिचाराची. मजकूर एकच आहे, निर्गमचा विसावा अध्याय. हे माहीत नसेल तर वर्गात विनाकारण भांडण लागतं आणि मुलाला वाटतं शाळा तरी खोटी किंवा चर्च तरी.

आज्ञा शिकवताना उदाहरणं त्यांच्याकडूनच घ्या. ‘चोरी करू नको’ म्हटल्यावर सगळे निवांत असतात. मग प्रोजेक्ट कोणाचा कॉपी केला, टीसी नसेल तेव्हा फर्स्ट क्लासमध्ये कोण बसतं, असं हळूच विचारा. त्यांच्याआधी स्वतःची एक कबुली द्या. नाहीतर वर्ग म्हणजे पोलीस चौकी होते.

प्रश्नांचा डबा

बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवा. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. शेवटची पंधरा मिनिटं त्यातल्या एका-दोन चिठ्ठ्यांची. येणारे प्रश्न पुस्तकातले नसतात. आजोबांसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली तरी ते का गेले? त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) म्हणजे एक की तीन? शाळेच्या फॉर्मवर ‘जात’ या रकान्यात आपण काय लिहायचं? आणि दर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न चुकता : सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद खायचा का?

या शेवटच्या प्रश्नावर झटकन हो किंवा नाही सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. मीही एकदा ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. पुढच्या रविवारी एका मुलाची आई आली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दिलेला मोदक त्यानं तोंडावर नाकारला होता, आणि या काकूंनी तो लहान असताना त्याला दोन वर्षं सांभाळलं होतं. आता मी करिंथकरांस पहिलं पत्र काढते, आठवा आणि दहावा अध्याय. नेमका हाच प्रश्न करिंथच्या बाजारात पौलापुढे आला होता आणि त्यानं दोन्ही बाजूंनी लिहिलंय : कोणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता खा, पण तुमच्या खाण्यानं दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागत असेल तर थांबा. मुलांना ते वाचू द्या, वाद घालू द्या. आपल्याच मंडळीत खाणारी घरं आहेत आणि न खाणारीही आहेत, तेव्हा घरी आईबाबांशी बोला म्हणावं. एक गोष्ट मात्र मी ठाम सांगते. नको असेल तर हात जोडून नको म्हणायचं, आणि दुसऱ्याच्या देवाची चेष्टा या वर्गात चालणार नाही.

जो प्रश्न येत नाही त्याला “मलाही नीट माहीत नाही, विचारून सांगते” असं म्हणा आणि खरंच विचारून सांगा. प्रश्न विचारणारं मूल म्हणजे विश्वास डळमळलेलं मूल, असं काही वडीलधाऱ्यांना वाटतं. त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतरही त्या तिथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, त्रैक्यावरसुद्धा. पुढे याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं.

एक शनिवार तलावपाळीला

“ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला” हे वाक्य मुलं शाळेतून घेऊन येतात. मी त्यांना ठाण्याच्या तलावपाळीला, मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी घेऊन जाते. आत जाण्याआधी तिथं विचारून परवानगी घ्या. ती मंडळी कॅथलिक आहे, आपण पाहुणे. तिथं उभं राहून मी १३२१ सालची गोष्ट सांगते. तोलेन्तिनोचे थॉमस हे इटालियन मिशनरी आणि त्यांचे तीन सोबती ठाण्यात उतरले, ते पूर्वेकडच्या मंडळीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले आणि इथंच मारले गेले. कोणी मारलं यावर मुलं रेंगाळतात. तुम्ही रेंगाळू नका. माझा मुद्दा त्या यजमान कुटुंबाचा असतो. सातशे वर्षांपूर्वी ठाण्यात पाहुण्यांना ठेवून घेणारं ख्रिस्ती घर होतं, वास्को द गामा जन्मायला अजून शंभरावर वर्षं होती.

मग नावेत बसवा, भेळ खायला घाला आणि उरलेलं तिथंच सांगून टाका. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत सांगितलेली ख्रिस्तकथा, १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी, १८३१ पासून नगरला त्यांनी उभं केलेलं काम, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक. टिळकांची भजनं मुलांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असतात. ती कोणाची हे माहीत नसतं.

दार उघडं ठेवा

वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. एकट्या मुलाशी बोलायचं तर उघड्या दाराशी, कोणाच्या तरी नजरेसमोर. ग्रुपवर पालक असू द्या. रात्री मुलांना वैयक्तिक मेसेज करू नका, चांगल्या मनानंसुद्धा. एखाद्या मुलानं लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर ‘मंडळीचं नाव खराब होईल’ म्हणून ते दाबायचं नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा “मी कोणाला सांगणार नाही” असं वचन मुलाला आधीच देऊन बसू नका. वर्गात कोणी बिगरख्रिस्ती मित्राला घेऊन आलं तर त्याला पोहे द्या, बसू द्या आणि त्याच दिवशी त्याच्या घरी फोन करून सांगा. यादीत त्याचं नाव घालू नका.

शेवटचे तीन रविवार

विधीतले प्रश्न छापून द्या आणि प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला. मी एवढंच विचारते : तुला हे यंदा करायचंय का? “आई म्हणते म्हणून” असं उत्तर आलं तरी ते प्रामाणिक आहे, तिथून बोलणं सुरू होतं. “अजून नाही” असं म्हणायची मोकळीक खरी असली पाहिजे. एका वर्षी एका मुलानं तसं म्हटलं. त्याच्या वडिलांनी हॉल ठरवला होता, केकही सांगितला होता. मी पाळकसाहेबांना मध्ये घातलं, वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा दर रविवारी येत राहिला, मागच्या बाकावर बसून. दोन वर्षांनी तो आपणहून वर्गात आला. तो आला नसता तरी मी तेच केलं असतं, असं म्हणायला मला आवडेल, खात्री नाही.

सराव चर्चमध्येच करा, माईक लावून. ‘होय’ एकेकट्याकडून म्हणवून घ्या, कारण समूहात ते पुटपुटतात. गुडघे कधी टेकायचे, उठायचं कधी, कोणाच्या मागून कोण, हे तीनदा करा. डोक्यावर ठेवलेला हात चांगलाच जड असतो हेही सांगून ठेवा. एक मुलगी दचकून हसली होती. आदल्या दिवशी डोक्याला तेल थापू नका म्हणावं. पहिलं प्रभुभोजन त्याच दिवशी असेल तर भाकर हातात कशी घ्यायची आणि प्याला कसा धरायचा ते साध्या पोळीवर आणि पाण्यावर दाखवा. पांढरे कपडे असले तर पुरे. नवे घ्यायलाच हवेत असं नाही, आणि हे पालकांना दोन महिने आधी सांगा, सगळ्यांच्या घरी सारखी ऐपत नसते.

विधीच्या दिवशी रजिस्टरातली नावं मुलांकडूनच वाचून घ्या, मग सह्या. त्याच टेबलावर पुढच्या तीन महिन्यांची वाचनाची यादी ठेवा : पहिला धडा कोण वाचणार, दान कोण गोळा करणार, लहान मुलांच्या संडे स्कूलला मदत कोण करणार. केक कापून झाला की मुलं पांगतात आणि मग थेट नाताळातच दिसतात, म्हणून यादी केकच्या आधी. पहिलं वाचन मी सहसा देवनागरीला सगळ्यात जास्त घाबरणाऱ्या मुलाला देते, आठ दिवस आधी उतारा मोठ्या अक्षरात छापून. ते मूल कळव्याचं असेल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघायला विसरू नका.